बरा दिसतो म्हणून सोडू नका

बंड्याच्या मागच्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी आम्ही आमची सगळी भीती एकदमच खर्च करून टाकली. भूल सोसेल का, रक्त फार जाईल का, पाय राहील का. दुचाकीच्या धडकेत त्याच्या नडगीच्या हाडाचे दोन तुकडे झाले होते. त्यावर प्लेट आणि स्क्रू बसले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून घरी आला आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं, सुटलो. निघताना डॉक्टरांनी एक कागद दिला होता. त्यावर औषधांच्या खाली लिहिलं होतं, 'स्ट्रिक्ट रेस्ट, आठ आठवडे.' औषधं आम्ही तीन-तीनदा वाचली. विश्रांतीच्या ओळीवरून डोळे नुसते फिरले.

चौथ्या आठवड्यात बंड्या चारी पायांवर चालायला लागला होता. आम्ही कौतुकानं त्याला दिवाणावर बसू देत होतो. बेल वाजली, त्यानं उडी मारली, फरशीवर घसरला आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा वर. एक्स-रेमध्ये एक स्क्रू सैल झालेला दिसला. दुसरं ऑपरेशन थोडक्यात टळलं, पण महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली आणि आठ आठवड्यांचे तेरा झाले.

तेव्हा जे कळलं ते आधीच सांगते. या काळात कुत्र्याच्या दुखण्यापेक्षा त्याचं न दुखणं जास्त धोक्याचं असतं. पहिल्या आठवड्यात वेदनाच त्याला जागेवर बसवते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूज उतरलेली असते, टाके निघालेले असतात, डोळ्यांत जुनी चमक आलेली असते. हाड मात्र अजून कच्चं असतं. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाचं महिना-सव्वा महिन्यातही जुळतं. तोवर सगळा भार त्या प्लेटवर. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी प्लेटही थकते. ती कायमचा भार पेलण्यासाठी बसवलेली नसते, हाड तयार होईपर्यंतचा तो नुसता टेकू आहे.

ऑपरेशन कोणतं झालं यावर पुढचं बरंच ठरतं, म्हणून ते नीट समजून घ्या. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की मोठ्या कुत्र्यांत बहुधा टीपीएलओ करतात. अमेरिकेतल्या बार्कली स्लोकम यांची ही पद्धत 1993 पासून रूढ होत गेली. तिच्यात नडगीचं हाड मुद्दाम कापून, थोडं फिरवून प्लेटनं बसवतात, म्हणजे डॉक्टरांनी केलेलं फ्रॅक्चरच ते. म्हणून पथ्यही फ्रॅक्चरचंच. पॉमेरेनियन, शिह त्झू यांच्यासारख्या छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते. त्या ऑपरेशननंतरही सहा-आठ आठवडे जपावं लागतं. पण खुब्याच्या सांध्यातला हाडाचा गोळा काढून टाकला असेल, तर गोष्ट उलटी. तिथं पाय लवकर वापरायला लावतात, फार दिवस बसवून ठेवलं तर सांधा आखडतो. तेव्हा शेजारच्या लॅब्रॅडॉरला काय सांगितलं होतं ते विचारू नका. आपल्या डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: किती दिवस बांधून ठेवायचं, आणि पाय टेकवायला कधी लावायचं. आणि हो, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर दवाखान्यातून निघण्याआधी घ्या.

घरी आणण्याआधी जागा तयार असावी. पिंजरा म्हटलं की आपल्याकडे लोकांना कसंसंच होतं. "त्यानं काय गुन्हा केलाय?" असं आमच्या सासूबाईही म्हणाल्या. पण फक्त उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा लागते. दोन ढांगा टाकता आल्या की ती जागा मोठी झाली. क्रेट किंवा जाळीचं कुंपण विकत मिळतं. नसेल तर दिवाण आणि भिंत यांच्यातला कोपरा, तिसऱ्या बाजूला उलटी घातलेली खुर्ची, असंही चालतं. मात्र जागा माणसांत हवी. बाल्कनीत किंवा मागच्या खोलीत एकटा ठेवलेला कुत्रा दिवसभर दार खरवडतो, म्हणजे ज्या पायाला विसावा द्यायचा त्याच पायावर उभा राहतो.

या सगळ्याहून जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे फरशी. नव्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स धडधाकट कुत्र्यालाही जड जातात. तीन पायांवरचा कुत्रा तिथं काचेवर चालल्यासारखा चालतो. सतरंजी टाकून काम होत नाही, ती त्याच्यासकट सरकते. योगासनांच्या रबरी मॅट उत्तम. जुन्या झालेल्या चार मॅट ओळखीच्यांकडून मागून आणल्या आणि त्याच्या जागेपासून दारापर्यंत एक वाट करून टाकली. पंजांच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापा, नखं कापा. केसाळ कुत्र्यांच्या घसरण्याचं निम्मं कारण तिथंच असतं. दिवाण आणि सोफा काही महिने वर्ज्य. तुम्ही खाली जमिनीवर बसा, तो वर चढायचा हट्टच करणार नाही.

आमची इमारत लिफ्ट नसलेली, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बंड्या बावीस किलोचा. उचलताना एक हात छातीपुढून आणि दुसरा मांड्यांच्या मागून घालून, पाठ सरळ ठेवून त्याला आपल्या अंगाशी धरायचं. ऑपरेशन झालेला पाय आपल्या अंगाच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे दाबला जात नाही. पोटाखाली हात घालून उचललं की पाय लोंबकळतात आणि टाक्यांवर ताण येतो. एकट्याला झेपत नसेल तर जाड चादरीवर निजवून दोघांनी चार कोपरे धरा. कंबर तुमचीही जपायला हवी, अजून दोन महिने जायचे आहेत.

पहिली रात्र कठीण जाते. भूल आणि वेदनेची जोरदार औषधं उतरताना कुत्रा विव्हळतो, शून्यात बघतो, ओळख नसल्यासारखा वागतो. हे सगळं दुखण्यामुळेच असतं असं नाही. दिवा मंद ठेवा, जवळ झोपा, थोडं थोडं पाणी द्या. जेवण पहिल्या दिवशी नाकारलं तरी चालतं. शी दोन ते चार दिवस न होणंही नेहमीचंच आहे. ऑपरेशनआधीचा उपास आणि औषधं यांनी पोट मंदावलेलं असतं. लघवी मात्र रोज झाली पाहिजे. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज किंवा काळसर-निळा डाग पायाच्या खालच्या भागाकडे उतरतो. ते पाहून आम्ही घाबरलो होतो, पण साचलेला द्रव खालीच उतरणार. तो मऊ असेल आणि हळूहळू ओसरत असेल तर ठीक.

औषधांबाबत एकच सांगणं, घरातला माणसांचा डबा उघडू नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडन्या जातात. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय नाही, जास्त झालं तर ते यकृतावर उठतं. जे औषध दोघांनाही चालतं त्यातही फसगत आहे. मेलॉक्सिकॅमचंच बघा: दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1 मिलिग्रॅम लागतं, आणि माणसांची गोळी येते 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. अर्धी गोळी तोडून देणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. वेदनेचं औषध पोटात अन्न गेल्यावरच द्या. उलटी, काळी शी किंवा जेवण पूर्ण बंद, असं झालं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. खाजेसाठी आधीपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, दोन्ही एकत्र दिल्यास पोटाची चाळण होते. आणि तो हिंडतोय म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका. कुत्रा दुखणं लपवतो. भूक मंदावणं, धापा टाकणं, रात्री सारखी कूस बदलणं, हीच त्याची तक्रार.

गळ्यातला कोन, आमच्या घरच्या भाषेत भोंगा. इंग्रजीत त्याला राणी एलिझाबेथच्या काळातल्या चुणीदार गळपट्टीवरून नाव पडलंय, पण आमच्याकडे त्यात राजेशाही काही नव्हतं. पहिले दोन दिवस बंड्या प्रत्येक चौकटीला धडकला आणि माझ्या पोटऱ्यांवर निळे डाग उठले. तरीही काढू नका. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर रात्रंदिवस. 'कुत्र्याच्या जिभेत औषध असतं' हे ऐकायला बरं आहे. प्रत्यक्षात एका रात्रीत तो टाके उसवतो आणि तोंडातले जंतू थेट जखमेत सोडतो. कोनाची कड नाकाच्या थोडी पुढे आली पाहिजे, आखूड असला तर उपयोग नाही. पाण्याचं भांडं पाटावर ठेवलं की कोनासकट पिता येतं.

जखम रोज दोनदा, चांगल्या उजेडात बघा आणि रोज एक फोटो काढा. काल कशी होती ते आठवणीवर सोडलं की घरात वाद होतात. तिला हात लावायचा नाही आणि तिच्यावर काही लावायचंही नाही, हळदसुद्धा नाही. हळदीचा राग नाही माझा, पण तिच्या पिवळेपणात खालची लाली दिसेनाशी होते आणि डॉक्टरांना काही कळत नाही. आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे माशा. ओलसर जखमेवर माशी बसली की दिवसा-दोन दिवसांत अळ्या पडू शकतात, पावसाळ्यात तर हमखास. जाळी, पंखा, कोरडी गादी, रोज बदललेली चादर. वास आला किंवा जखमेत काही वळवळताना दिसलं तर फिनेल, डांबरगोळी, रॉकेल असले उपाय न करता तडक दवाखाना गाठा. दुसरा शत्रू गोचीड. तिच्यापासून होणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. जखमेतून रक्त झिरपत राहिलं, नाकातून आलं, हिरड्या फिकट दिसल्या तर हेही तपासून घ्यावं लागतं.

बँडेज असेल तर ते कोरडं ठेवणं हे पूर्णवेळ काम. ओल्या बँडेजखाली कातडी दोन दिवसांत कुजते. शूसाठी बाहेर नेताना धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी पायात चढवायची, वर सैल बांधायची आणि घरात शिरताच काढायची. काढायला विसरलात तर आतल्या घामानंच बँडेज भिजतं, कुत्र्याला घाम पंजांतूनच येतो. बहुतेक डॉक्टर मधली दोन बोटं बँडेजबाहेर ठेवतात, ती उगाच नव्हेत. रोज बघा: बोटं गार आहेत का, दोन नखं एकमेकांपासून फाकली आहेत का. फाकली म्हणजे आत सूज आहे, बँडेज आवळलंय. हे उद्यावर टाकायचं नाही. पाय गमावण्याची वेळ येते ती बऱ्याचदा हाडामुळे नाही, आवळलेल्या बँडेजमुळे येते.

बँडेज नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर पहिले तीन दिवस बर्फानं शेका. फ्रीजरमधली मटारची पिशवी पातळ पंचात गुंडाळून जखमेच्या भोवती दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. ती सांध्याच्या आकाराला बसते, बर्फाचे खडे टोचतात. त्यानंतरचं गरम शेकणं, मालिश, पाय हलवण्याचे व्यायाम हे दाखवल्याशिवाय सुरू करू नयेत. मला फिजिओथेरपिस्टनं शिकवलं ते असं: कुत्रा कुशीवर, दुखरा पाय वर. एक हात गुडघ्यापाशी, एक घोट्यापाशी. त्याला सहज जाईल तेवढाच पाय वाकवायचा, तसाच सरळ करायचा, दहा-बारा वेळा. त्यानं मान वळवून बघितलं की तिथंच थांबायचं. मान वळवणं म्हणजे 'दुखलं', आणि पुढची पायरी दात.

शी-शूला नेताना मागच्या पायांना आधार लागतो. जुना पंचा किंवा ओढणी पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्यायची आणि दोन्ही टोकं वर धरायची. नर असेल तर कापड लघवीच्या जागेवर येणार नाही असं बघा, नाहीतर तो करणारच नाही. आपण उचलत नाही, घसरला तर सावरायला फक्त तयार असतो. पट्टा आखूड, घरात दारापर्यंत जातानाही. आमची चूक नेमकी इथं झाली होती.

चालवणं म्हणजे फिरवणं नव्हे. पहिले दोन आठवडे पाच-पाच मिनिटं, फक्त शी-शूपुरतं. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीनं दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत जायचं. आणि यात एक युक्ती आहे जी फार कमी लोक सांगतात: अगदी सावकाश चाला. कुत्रा वेगात असला की दुखरा पाय उचलून तिघांवर उड्या मारत सुटतो, त्याला ते सोपं पडतं. वेग इतका कमी करा की त्याला प्रत्येक पाय टेकवल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. आमच्या वॉचमननं विचारलं होतं, "ताई, काही हरवलंय का?" हाच वेग बरोबर. पहिल्यांदा फक्त बोटांची टोकं टेकतात, मग पंजा, मग वजन. प्लेट बसवल्यावर बोटं टेकवायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तीन आठवडे झाले आणि पाय अजून हवेतच, तर दाखवून या. कारण न वापरलेल्या पायाचे स्नायू दिवसागणिक सुकतात.

जेवण. हालचाल थांबली की खाणंही साधारण पाव हिश्श्यानं उतरवायला हवं, आणि प्रेमानं घरातले नेमकं उलट करतात. वाढलेला प्रत्येक किलो त्या प्लेटवर बसतो. 'हाड मोडलंय, पायाचं सूप द्या' हा सल्ला मला किमान सात जणांनी दिला. त्या सुपात कांदा-लसूण असतो आणि कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. शिजवलेली हाडं तर कधीच नाहीत. कॅल्शियमचं औषधही स्वतःहून सुरू करू नका. संतुलित खाणं मिळणाऱ्या कुत्र्याचं हाड वरच्या कॅल्शियमनं लवकर जुळत नाही, मोठ्या जातीच्या पिल्लांत तर ते हाडांची वाढ बिघडवतं. अपवाद एकच: फक्त भात किंवा नुसत्या बोनलेस चिकनवर वाढलेलं पिल्लू. त्याची हाडं कॅल्शियमअभावी इतकी पातळ झालेली असतात की पलंगावरून उडी मारली तरी मोडतात. तिथं खाण्याची घडीच डॉक्टर बदलून देतात.

आता त्या चौथ्या आठवड्याकडे परत येते, कारण सगळी माती तिथंच होते. कुत्रा कंटाळलाय, ताकद आलीये, आणि तुम्हीही थकलात. पाय दमवता येत नाही तेव्हा नाक दमवा. त्याचा रोजचा खाऊ वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदांखाली ठेवा. दही पसरट ताटलीत गोठवून चाटायला द्या. बसल्या जागी 'हात दे', 'थांब', 'नाकानं हाताला शिव' असलं काहीतरी शिकवा. वीस मिनिटं हुंगून झाल्यावर बंड्या जसा घोरायचा तसा तो टेकडीवरून आल्यावरही कधी घोरला नव्हता. आम्ही बेलची बॅटरी काढून ठेवली आणि दारावर चिठ्ठी लावली: 'बेल वाजवू नका, फोन करा.' पार्सलवाले हसायचे, पण करायचे फोन. घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना पट्ट्याविना एकत्र सोडायचं नाही. गणपतीचे ढोल किंवा दिवाळीचे फटाके या काळात येत असतील तर आठवडाभर आधीच डॉक्टरांशी बोला, शांत ठेवणारी औषधं असतात. फारच उसळणाऱ्या कुत्र्याला ती एरवीही देतात, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि वाट न बघता फोन करायच्या वेळा. जखमेतून पू, दुर्गंध किंवा दोन टाक्यांमध्ये फट. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप 103 फॅरनहाइटच्या वर. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 असतं, म्हणून हातानं 'गरम लागतंय' याला अर्थ नाही. पहिल्या दिवसानंतरही पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड न लावणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, टेकवायला लागलेला पाय अचानक पुन्हा उचलून धरणं. 'मुरगळला असेल' म्हणून दोन दिवस थांबायचं नाही. आम्ही एका रात्रीत गेलो म्हणून सैल स्क्रूवरच भागलं.

सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे होतो. तो चुकवू नका, कितीही चांगला चालत असला तरी. जिना, पट्टा सोडणं, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळणं, यातलं प्रत्येक हो किंवा नाही त्या फिल्मवर ठरतं. हाड जुळलं की सगळं एका दिवसात खुलं होत नाही, आणखी महिनाभर पायरी-पायरीनं वाढवतात. जखम भरल्यावर पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवणं स्नायूंसाठी फार गुणाचं. मुंबई-पुण्यात आता ही सोय मिळते. नसेल तर हलक्या चढावर सावकाश चालणं आणि बसून पुन्हा उभं राहणं, दहा-दहा वेळा, हेही पुष्कळ झालं. लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांनी वजन जास्तच सांभाळावं, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा दुसरा गुडघाही पुढेमागे जातो.

प्लेट काढायची का, हे सगळे विचारतात. त्रास देत नसेल तर ती बहुधा आतच राहते. एक्स-रेचे फोटो आणि ऑपरेशनचा कागद मात्र मोबाइलमध्ये जपून ठेवा. पाच वर्षांनी गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर त्या पायात काय आहे हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. बंड्याची प्लेट आत आहे. थंडीत सकाळी पहिली दहा पावलं तो जरा आखडून टाकतो, मग विसरतो. बेलची बॅटरी आम्ही अजून बसवलेली नाही.